मनगटाच्या मागची नाडी

शिछ्याओ,
तिसरा महिना, पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय शूलिनदादा,

नमस्कार. तिकडे शीआनमध्ये तू, वहिनी आणि मुलगी सुखरूप असाल. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

आधी त्या 'दादा'चं. मी एकोणपन्नास वर्षांचा, तू एक्केचाळीसचा. तुला दादा म्हणताना दर वेळी माझे गुडघे कुरकुरतात. पण तू दहाव्या वर्षी आपल्या वडिलांसमोर शिष्य म्हणून डोकं टेकलंस आणि मी चव्वेचाळिसाव्या. त्यामुळे तुझे वडील माझे गुरुजी, आणि त्यांच्या घरात तू थोरला, मी धाकटा. परवा माझ्या तोंडून नुसतं "शूलिन" निघालं, तर गुरुआई चुलीपासून ओरडली, "दादा म्हण! घर सोडून गेला म्हणून काय धाकटा झाला?" म्हणजे भांडण तुमचं आणि शिस्त मला.

फोन का करत नाही, तर दुकानातून केला की गुरुजी ऐकतात, घरून केला की बायको ऐकते, आणि रस्त्यावरून केला की सगळं शिछ्याओ ऐकतं. शिवाय तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून पत्र.

मी इथे कसा आलो ते तुला माहीत आहे. वीटभट्टीवर पाठ गेली, गुरुजींच्या सुयांनी आणि काढ्यांनी ती परत आली, आणि त्या आनंदात मी औषधराजाच्या देवळात जाऊन बोलून बसलो की उरलेलं आयुष्य याच कामाला देईन. देवासमोर बोलताना माणसानं जरा थांबावं. आयुष्य देणं सोपं होतं. पाठांतर देणं जड जातंय.

रोज उजाडताना अंगणात उभं राहून काढ्यांची कवनं म्हणायची. गावच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलेला मी. माझं डोकं आमच्या गावच्या बससारखं आहे. पुढच्या दारानं एक चढला की मागच्या दारानं एक पडतो. मी अडखळलो की गुरुआई आतून पुढची ओळ सांगते, आणि ती बहुतेक वेळा चुकीची असते. मग गुरुजी दोघांवरही ओरडतात. शेजारचा न्हावी म्हणतो, "लिआओ, तुमच्या दुकानात औषध घ्यायचं कारणच नाही. सकाळचा हा तमाशा बघूनच माणूस बरा होतो."

मग केसाचा धडा. तुझ्या वेळीही असेल. कागदाखाली केस ठेवायचा, डोळे मिटून बोटांनी शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. केस माझ्या बायकोचा. ती म्हणते, "तू वैद्य होईपर्यंत मी टकली होणार." तरी रोज एक देते. चिडून देते, पण देते.

हे सगळं मी सोसतो. पण गुरुजींनी आता नवीन तऱ्हा काढली आहे, तिनं माझा जीव मेटाकुटीला आलाय. आपली जुनी पद्धत तुला आठवतेच. रोगी हात उशीवर ठेवतो आणि तोंड मिटून बसतो. तो काही सांगणार नाही, वैद्यानं नाडीवरून सांगायचं. सांगितलं तर वैद्य, नाहीतर पलीकडच्या गल्लीत दुसरा. गुरुजी आधी नाडी बघायचे, काय आहे ते बोलायचे, मग मी बोटं ठेवून त्यांच्या शब्दाशी जुळवायचो. आता गेल्या हिवाळ्यापासून उलटं. "तू आधी सांग." प्रत्येक रोग्याला. भरल्या बाकासमोर. मी दोन्ही हात बघतो, घाम पुसत म्हणतो, "डावी तारेसारखी ताणलेली, उजवी खोल आणि मऊ." मग ते बोटं जेमतेम टेकवतात, "हं" म्हणतात आणि औषध सांगतात. माझं बरोबर होतं की चूक, तेही सांगत नाहीत. पूर्वी चुकलो की तराजूची दांडी बोटांवर बसायची. मला त्या दांडीची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

औषध मात्र काय सांगतात! त्यात तसूभरही फरक नाही. मी नुसती नाडी सांगावी आणि त्यांनी त्यातून माणसाची झोप, भूक, सुनेशी झालेलं भांडण सगळं काढावं. त्यांची प्रकृती तशी उत्तम आहे.

जेवणाचे नखरे मात्र वाढलेत. आंबटपाण्यातल्या शेवया काड्यांनी खात नाहीत, चमच्यानं खातात. वर म्हणतात, शेवया लांब झाल्यात. गुरुआई म्हणाली, "पन्नास वर्षं याच लांबीच्या करते. तुमचा हात आखूड झाला असेल." सदऱ्याचं बटण एक घर सोडून लागतं. परवा काढ्याचं उकळतं मडकं धरून उभे राहिले आणि सोडेचनात. ओरडलो मी. बोटाला केवढा फोड आलाय. विचारलं तर म्हणे, "ऊब अंगाला चांगली." आता अशा माणसापुढे काय बोलायचं? प्रकृती तशी उत्तम आहे.

तर मुद्दा असा की चौथ्या महिन्याच्या अखेरीस औषधराजाची जत्रा आहे, या वेळी ये. कौलं गळतायत. गुरुआईचा गुडघा दुखतो. मुलीला झाडावरच्या तुती खायला मिळतील. तू घर सोडलंस त्या दिवशी गुरुजी सगळ्या बाकासमोर तुला जे बोलले ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. तुला पाठ आहे, मलाही. पण म्हातारं माणूस आहे.

माझी पाच वर्षं येत्या शरदात भरतील. करार एकाच गुरूकडे सलग पाच वर्षांचा आहे, तो पुरा झाला की प्रांताच्या परीक्षेला बसता येईल. मध्ये खंड पडला तर पाटी कोरी. तेवढ्यासाठी तरी सगळं सुरळीत चालू दे, एवढंच रोज उदबत्ती लावताना म्हणतो. आणखी काही नाही.

ये.

तुझा धाकटा गुरुबंधू,
लिआओ तशंग

---

शिछ्याओ,
चौथा महिना, शुद्ध पंचमी

शूलिनदादा,

नमस्कार. तुझा निरोप मिळाला: "कौलांसाठी गवंडी बोलाव. आईच्या गुडघ्यासाठी मलम पाठवतोय." मलम मिळालं. गुरुआईनं ते गुडघ्याला न लावता कपाटात ठेवलंय, मुलानं पाठवलेली वस्तू म्हणून. गवंडीही येऊन गेला. म्हणाला, कौलं चांगली आहेत.

तुझ्यावर चिडायला बसलो होतो, पण चिडता येत नाही. मी विचारलं त्याचं उत्तर तू दिलंस. विचारायचं होतं ते मी लिहिलंच नव्हतं.

आता जे झालं ते झालं तसं लिहितो.

अमावास्येनंतरची गोष्ट. सकाळी मी मागच्या अंगणात बचनाग उकळत होतो. तो तासन्‌तास उकळावा लागतो. मधूनमधून थेंब जिभेवर ठेवायचा. जीभ बधिर झाली म्हणजे विष अजून आहे, आणखी उकळ. माझी जीभ चांगलीच बधिर झाली होती. तेवढ्यात पुढे एक ट्रकवाला आला. लेइ नाव, डोंगरापलीकडचा, किवी फळांच्या खेपा करतो. एवढ्या उकाड्यात अंगात कापसाचा डगला, चेहरा पांढराफटक, हात बगलेत. मी आत नव्हतो. गुरुजींनी मला हाक मारायला हवी होती. बाक भरलेला होता, ट्रकवाल्यानं हात उशीवर ठेवला होता, आणि बहुधा लाज वाटली असेल. हाक मारली नाही. डोळे मिटले, तीन बोटं ठेवली, दुसऱ्या हातावर ठेवली. मी हात पुसत आत आलो तेव्हा ते बोलत होते, "खोल. धाग्यासारखी बारीक. आतली आग विझत आलीय. लिआओ, लिही. बचनाग, सुंठ, दालचिनी."

मी लिहिलं. डगला बघून मलाही ते पटलं. जिभेवरून काही कळलं असतं, तर त्या पठ्ठ्यानं येताना वाटेत तुती खाल्ल्या होत्या, जीभ जांभळी करून आणली होती. मग शिकण्यासाठी म्हणून, नेहमीसारखी, मीही बोटं ठेवली.

काही नाही.

खोल दाबलं. काही नाही. दुसरा हात. काही नाही. पहिल्यांदा मला वाटलं, जिभेबरोबर माझी बोटंही बधिर झाली. मग वाटलं, पाच वर्षं वाया गेली, ही बोटं विटा उचलायचीच. माझ्या कपाळावर घाम आला. ट्रकवाला खाली वाकून हळूच म्हणाला, "काय काका, मेलोय ना मी?"

"थांब जरा."

"सैन्यभरतीतला डॉक्टर पण असाच घाबरला होता. मागे बघा, मागे. आमच्या घरात सगळ्यांची उलटीकडे आहे. आईची पण."

त्यानं हात पालथा केला. मनगटाच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या हाडावरून, नाडी उडत होती. गुरुजींनी आपल्याला शिकवलेलं आहे हे, की लाखात एखाद्याची नाडी मागून जाते. मी पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिली. आणि दादा, ती खोल नव्हती, बारीकही नव्हती. पुराच्या पाण्यासारखी होती, जोरात आणि घाईत. थंडी वरवरची, आत भट्टी पेटलेली. मी हळूच विचारलं, पाणी कसलं पितोस? म्हणाला, "बर्फाचं. बादलीभर. आणि शौचाचं विचारूच नका." अशा माणसाला बचनाग आणि सुंठ देणं म्हणजे पेटल्या घरावर तेल.

"मघाशी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"सांगणार होतो. पण बाबांनी डोळे मिटले, मान हलवली. म्हटलं एवढे मोठे वैद्य, यांना समोरूनच कळली असेल."

समोर नाडीच नव्हती, दादा. आणि गुरुजींनी ती खोल आणि बारीक आहे असं सांगितलं होतं.

एवढं लिहून मी देवापाशी जाऊन आलो. पुढचं लिहितो.

माझ्या हातात त्या औषधाची चिठ्ठी, समोर भरलेला बाक, तीन पावलांवर गुरुजी चहाच्या पेल्याला दोन्ही तळव्यांनी धरून बसलेले. लोकांसमोर गुरूचं औषध चुकलं असं म्हणणारा शिष्य मी होणार नव्हतो. ते औषध भरून देणाराही होणार नव्हतो. पौर्णिमा-अमावास्येला मांस न खाणारा, खोटं न बोलणारा मी, बधिर जिभेनं बोबडा बोललो, "गुरुजी, बचनाग संपलाय."

मागच्या अंगणातून बचनागाचा वास सगळ्या दुकानात भरलेला. बाकावरच्यांना तो कळत नाही. गुरुजींनी अंगणाकडे तोंड वळवलं. नाक अजून शाबूत आहे त्यांचं.

"संपला?"

"संपला."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मग जे आहे त्यातून तू भर. तुला कळतं."

तुला कळतं. या दोन शब्दांसाठी मी पाच वर्षं अंगणात ओरडतोय, बायकोचे केस उपटतोय, दांडी खातोय. ते मिळाले तर अशा वेळी मिळाले! इतका वैताग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी खण उघडले. रेवंदचिनी, शेवंती, ज्येष्ठमध, आणखी दोन-तीन. परवाना नसलेल्या माणसानं, आपल्या अकलेनं. त्या दिवसापासून मी झोपलो तर डगला घातलेला ट्रकवाला स्वप्नात येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी खुर्चीत बसले, बाक भरला, पहिल्या बाईनं हात ठेवला. "तू आधी सांग," ते म्हणाले. काही झालंच नाही असं. आणि मी सांगितलं. तेही सांगतो. मी सांगितलं, कारण शरद ऋतू जवळ आलाय.

तू आता फोन उचल.

लिआओ

---

शिछ्याओ,
चौथा महिना, पौर्णिमेनंतर

शूलिनदादा,

तुझा फोन आला तेव्हा दुकान भरलं होतं, म्हणून मी "हो, हो, मलम पोचलं" एवढंच म्हणालो. तू काय विचारत होतास ते कळलं होतं. हे त्याचं उत्तर.

आधी ट्रकवाला. तो जिवंत आहे. परवा तुतींची पाटी घेऊन आला, डगल्याशिवाय. सगळ्या बाकासमोर ओरडला, "बाबा, मानलं तुम्हाला! उलट्या हाताची नाडी समोरून ओळखलीत!" बाकावरचे लोक कौतुकानं हसले. गुरुजी एक तुती उचलायला गेले आणि ती चिमटीत चिरडली. बोटं लाल झाली. मग म्हणाले, "पुढचा कोण? लिआओ, तू आधी सांग."

मी सांगितलं. माझ्या तोंडाला चव राहिली नव्हती.

दुपारी दार लावून मी केसाच्या धड्याला बसलो. डोकं थाऱ्यावर यावं म्हणून. कागदाची चळत कालच्यासारखीच होती, पण केस जागेवर नव्हता. पलीकडे, दुसऱ्याच एका कागदाखाली सापडला. तो कागद उचलला तर माझ्या बायकोचा काळा केस नव्हताच. पांढरा होता. गुरुआईचा. आणि वर माझ्यासारखे जाड थर नव्हते. एकच कागद होता, पातळ, खिडकीवर लावतात तसला. त्याच्यावर तुतीचे लाल डाग होते, सगळीकडे, केस सोडून.

मी तो कागद घेऊन गुरुजींच्या टेबलापाशी गेलो. कागद दाखवला नाही. समोर बसलो आणि माझा हात उशीवर ठेवला.

"सांगा."

"उद्धटपणा करू नकोस, वीटभट्ट्या."

"आज तुम्ही आधी सांगा, गुरुजी."

त्यांनी तीन बोटं ठेवली. मी डोळे मिटले नाहीत. त्यांनीही नाहीत. मग म्हणाले, "तुझा हात गरम आहे की गार, तेही कळत नाही."

"कधीपासून?"

"पहिला बर्फ पडला तेव्हा करंगळ्या गेल्या. मग बाकीच्या, एकेक." त्यांनी हात उचलून खिडकीच्या उजेडात बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड."

दादा, त्या दिवशी बाकासमोर त्यांनी तुला हाच शब्द दिला होता. "तुझी बोटं लाकडाची आहेत, तुला नाडी कधी कळायची नाही." म्हणून तू गेलास आणि यंत्राच्या पडद्यावर पोटातलं बघायला शिकलास. आपण आत्ता काय म्हणालो ते त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी म्हटलं, "मग थांबला का नाहीत? लोकांचा जीव आहे!"

"थांबलो असतो तर तुझी पाच वर्षं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"शरदापर्यंत काढायचं ठरवलं होतं," ते म्हणाले. "डोकं माझं, बोटं तुझी. दोन म्हातारे मिळून एक वैद्य होतो. काय वाईट चाललं होतं?"

खरं सांगतो, मी ओरडलो. गुरूवर. म्हटलं, मी तुमची लाज सांभाळत गप्प बसलो, तुम्ही माझी परीक्षा सांभाळत गप्प बसलात, आणि मधे तो ट्रकवाला मेला असता! दोघांच्या उपकारांवर त्याची तिरडी उठली असती! हे बोललो तेव्हा मला कळलं की मी त्यांची लाज त्यांच्या एकट्यासाठी सांभाळत नव्हतो, माझ्या परीक्षेसाठीही सांभाळत होतो.

स्वयंपाकघराच्या दारात गुरुआई उभी होती. म्हणाली, "शेवया गार होतायत. दोघांनी रडून घ्या नाहीतर जेवून घ्या. दोन्ही एकदम केलंत तर ठसका लागेल."

शेवया आखूड होत्या. चमच्यात मावतील अशा. मी तिच्याकडे पाहिलं. "हिवाळ्यापासून अशाच कापते," ती म्हणाली, "लांब आहेत असं ह्यांना म्हणू देते. तेवढंच बोलायला."

म्हणजे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. एक तू सोडून. त्या म्हाताऱ्याला वाटत होतं फक्त त्याला माहीत आहे, मला वाटत होतं फक्त मला. असं घर! कधी कधी वाटतं, वीटभट्टी बरी होती. कच्ची वीट निदान तोंडावर फुटते.

दुसऱ्या दिवशी मी दारावर पाटी लावली: "नाडी बघणं बंद आहे. आधी लिहून दिलेली औषधं मिळतील." बाकावरचे लोक तरी येऊन बसतात. बसू देत, सवय आहे. नाडीच्या उशीचा अभ्रा मी धुऊन अंगणात वाळत घातला. त्यावर तुझ्या लहानपणीच्या शाईचा डाग अजून आहे, तो निघाला नाही.

मग तालुक्याच्या कचेरीत जाऊन आमचा करार थांबवल्याचं सांगून आलो. खिडकीतला पोरगा म्हणाला, "काका, शरदापर्यंत गप्प बसायला तुमचं काय जात होतं?"

"एक ट्रकवाला," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही. त्यानं शिक्का मारला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून? दुसरा गुरू, दुसरी पाच वर्षं?" मी म्हटलं, कोण घेईल या वयात, बघावं लागेल. तिनं आपल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "केस पुरतील का, तेवढं बघ आधी." मी देवळात जाऊन औषधराजासमोर उभा राहिलो. या वेळी काहीच कबूल केलं नाही. नुसता उभा राहिलो. त्याला माझा पहिला शब्द आठवत असेलच.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. बोटं मानेच्या शिरेमुळे गेली असतील, साखरेमुळे गेली असतील, आणखी कशामुळे. वेळेत पाहिलं तर काही परत येतं म्हणतात, ते तुला माझ्याहून जास्त कळतं. मी त्यांना बसनं शीआनला नेतो म्हटलं, तर म्हणाले, "मी मेल्यावर ने." गुरुआई म्हणाली तर तिच्यावर ओरडले. ते माझ्याबरोबर येणार नाहीत, तिच्याबरोबर येणार नाहीत. ज्याच्याबरोबर येतील तो तिकडे मलमं पाठवत बसलाय. हे वाचून तुला राग आला तर येऊ दे. माझा संपलाय, आता तुझा वापरू.

हे लिहीत असताना गुरुजी मागे येऊन उभे राहिले. शाईच्या वासानं आले असतील.

"शूलिनला?"

"हो."

"सगळं लिहिलंस?"

"सगळं."

मला वाटलं, आता पत्र हिसकावतील. हिसकावायला बोटं चालायला हवीत, हे त्यांनाही आठवलं असेल. खुर्ची ओढून बसले. माझ्या लेखणीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "अक्षर घाणेरडंच आहे तुझं अजून." मग आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला विचार, त्याच्या त्या टीव्हीत मनगटाच्या मागून जाणारी नाडी दिसते का."

"विचारतो."

"दिसत असेल तर म्हणावं, येऊन सांग. पत्रातून नको. मला वाचताना पानं उलटत नाहीत."

तर विचारलं आहे. जत्रा अठ्ठाविसाव्या दिवशी आहे. उशीचा अभ्रा तोवर वाळेल.

तुझा धाकटा गुरुबंधू, वयानं थोरला, आणि आजपासून कागदावर कुणाचाच शिष्य नसलेला,

लिआओ तशंग